शेतकऱ्याचा शब्द आणि आपले पृष्ठ

शेतीविषयक खात्रीची माहिती शेतकऱ्यापर्यंत वेळेवर पोहोचविणे हे कृषी विस्ताराचे आद्य कार्य होय. चावडीवरील सभा, प्रात्यक्षिके, शिवारफेरी, भित्तिपत्रके आणि पत्रिका या साधनांनी हे कार्य आजवर होत आले व आजही होत आहे. परंतु त्यांच्या जोडीला आता मोबाइल आला आहे. पिकावर काही विपरीत दिसताच आजचा शेतकरी बांधावर उभा राहूनच मोबाइलला प्रश्न विचारतो. २०१७ सालापासून गुगलवर मराठीत बोलून शोध घेण्याची सोय झाल्याने टंकलेखनाचाही अडसर उरला नाही. तेव्हा आपल्या संकेतस्थळांवर माहिती आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न आता राहिलेला नाही. शेतकऱ्याने आपल्या शब्दांत विचारले असता ती त्याच्या समोर येते काय, हा खरा प्रश्न आहे. माझे स्पष्ट मत असे की, बहुतेक वेळा ती येत नाही आणि याचा दोष शेतकऱ्याकडे नसून आपल्याकडे आहे.

हे मत मी प्रथम स्वतःच्या चुकीवरून बनविले, म्हणून ती चूक येथे सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी मी एका संकेतस्थळासाठी डाळिंबाच्या रोगावर एक पृष्ठ लिहिले होते. त्याचे शीर्षक होते ‘डाळिंबावरील जीवाणूजन्य करपा रोगाचे एकात्मिक व्यवस्थापन’. मजकूर तपासलेला होता, शिफारशी योग्य होत्या आणि मला त्याचे समाधानही होते. पुढे पावसाळ्यात सांगोला तालुक्यातील एका बागेत गेलो. मृग बहाराच्या फळांवर तेलकट डाग पडले होते आणि काही फळे तडकू लागली होती. बागेच्या मालकांनी तोवर तीन निरनिराळी औषधे एकत्र करून दोन वेळा फवारली होती. मी विचारले, “काका, ही शिफारस कोणी केली?” त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यावर त्यांनी ‘डाळिंब तेल्या औषध’ असे विचारले होते आणि उत्तरादाखल आलेली पहिली सारी पृष्ठे औषधे विकणाऱ्यांची होती. माझे पृष्ठ त्या यादीत नव्हते. मी ते शोधून दाखविले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, हे नाव आमच्या वडिलांनी बी ऐकलं नव्हतं. आम्ही तेल्या म्हणतो.”

माझ्या पृष्ठात ‘तेल्या’ हा शब्द शेवटच्या परिच्छेदात, तोही एकदाच आला होता. रोगट फळे व फांद्या काढून बागेबाहेर नष्ट कराव्यात, छाटणीची कात्री प्रत्येक झाडानंतर निर्जंतुक करावी, रोगाचा उपद्रव फार असलेल्या बागेत मृग बहाराऐवजी हस्त बहार धरण्याचा विचार करावा, हा उपदेश त्या पृष्ठात होता. त्यासाठी त्यांना फारसा खर्च आला नसता. परंतु जो शब्द त्यांच्या तोंडी होता, तो माझ्या शीर्षकात नव्हता. त्या एका शब्दाच्या अभावी त्यांचा औषधांवर व्यर्थ खर्च झाला आणि बहारही हातचा गेला.

आपल्या जिल्ह्याचे शब्दभांडार

सोलापूर जिल्ह्यात शेतीच्या ज्ञानाचा तुटवडा नाही. कोरडवाहू शेतीच्या संशोधनास येथे १९३३ साली आरंभ झाला. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००५ पासून येथेच आहे. सोलापूरचे डाळिंब व मंगळवेढ्याची ज्वारी यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभले. एवढे असूनही शास्त्रज्ञाची भाषा आणि शिवाराची भाषा या दोन वेगळ्या वाटांनी चालतात. काही उदाहरणे पाहू.

आपण ‘रब्बी ज्वारी’ लिहितो. शेतकरी ‘शाळू’ म्हणतो, जुनी माणसे ‘जोंधळा’ म्हणतात, कोणी नुसते ‘मालदांडी’ म्हणतो. आपण द्राक्षावरील ‘केवडा’ लिहितो. बागायतदार ‘डाऊनी’ किंवा ‘डावणी’ असे विचारतो. डाळिंबाच्या ‘भगवा’ या वाणास ठिकठिकाणी शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी अशी नावे आहेत. सूक्ष्म सिंचनाच्या योजनेचे अधिकृत नाव ‘प्रति थेंब अधिक पीक’ असे आहे. परंतु अर्ज करू इच्छिणारा शेतकरी ‘ठिबक अनुदान’ हेच शब्द उच्चारतो. अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या तालुक्यांत अनेक घरांची बोली कानडी आहे. तेथील शेतकऱ्याच्या तोंडी ज्वारी ‘जोळ’ असते व डाळिंब ‘दाळिंबे’ असते. शिवाय पुष्कळ तरुण मराठी शब्दच रोमन अक्षरांत टंकतात आणि ‘डाळिंब’ या शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ दोन्ही प्रकार चालतात.

याच्या उलट प्रकारही आहे. शब्द एकच आणि व्याधी निराळ्या. ‘मर’ डाळिंबालाही लागते, तुरीलाही लागते आणि हरभऱ्यालाही लागते; तिन्हींचे उपाय एक नाहीत. ‘करपा’ तर कांद्यापासून भुईमुगापर्यंत सर्वत्र आहे. ‘लष्करी अळी’ हे नाव ज्वारीवरील जुन्या अळीस पूर्वीपासून होते. २०१८ साली कर्नाटकात व त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातही मक्यावर नवी अमेरिकन लष्करी अळी आढळली आणि तेच नाव तिला चिकटले. अशा ठिकाणी नुसता शब्द पुरत नाही. त्याच्या मागे पिकाचे नाव आणि पुढे पिकाची अवस्था जोडावी लागते.

एका गटाला एकच सातबारा

यावर उपाय असा की, संकेतस्थळावरील एकही पृष्ठ लिहिण्यापूर्वी कोणते पृष्ठ कोणत्या शोधशब्दासाठी आहे याचा तक्ता तयार करावा. हंगामापूर्वी आपण पीकनियोजन करतो, कोणत्या गटात शाळू, कोणत्या गटात हरभरा हे ठरवितो आणि मगच तिफण बाहेर काढतो. पृष्ठांचेही तसेच करावयास हवे. आज आपण आधी लिहितो आणि शीर्षक मागाहून सुचेल ते देतो.

या नियोजनाचा मूळ नियम साधा आहे. ज्या प्रश्नांचे उत्तर एकच, त्या सर्व प्रश्नांना मिळून एक पृष्ठ द्यावे. ज्यांचे उत्तर वेगळे, त्यांना वेगळे पृष्ठ द्यावे. ‘शाळू पेरणी’, ‘रब्बी ज्वारी पेरणीची वेळ’ आणि ‘जोंधळा कधी पेरावा’ हे तिन्ही प्रश्न वस्तुतः एकच आहेत. त्यांसाठी तीन पृष्ठे करणे व्यर्थ होय. परंतु ‘कांदा लागवड’, ‘कांदा साठवण’ आणि ‘कांदा बाजारभाव’ यांत पीक एक असले तरी विचारणाऱ्याची गरज पूर्णपणे भिन्न आहे. लागवडीचे पृष्ठ उघडून भाव शोधणारा शेतकरी क्षणात माघारी फिरतो.

एकाच शब्दासाठी दोन पृष्ठे झाली म्हणजे काय होते, हे ग्रामीण कार्यकर्त्यांना निराळे सांगावयास नको. एकाच गटावर दोघांचे नाव लागले म्हणजे जे होते, तेच. आपलीच दोन पृष्ठे एकमेकांच्या आड येतात आणि शोधयंत्राने त्यांतील कोणते पुढे करावे हे आपल्या हाती राहत नाही.

हा धोका केवळ कागदी नाही. उसावरील हुमणीसाठी फोरेट हे दाणेदार औषध पूर्वी शिफारशीत असे. केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशान्वये फोरेटसह सहा कीडनाशकांवर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. त्यानंतर नवे पृष्ठ लिहिले गेले, पण जुने तसेच राहिले, असे घडू शकते. जुन्या पृष्ठाला अनेक वर्षांत अनेक ठिकाणांहून दुवे जोडलेले असतात. त्यामुळे ‘ऊस हुमणी औषध’ असे विचारणाऱ्यासमोर नव्याऐवजी तेच येण्याचा संभव असतो. मग बंदी असलेल्या विषाची शिफारस शासनाच्या नावाने शेतकऱ्याच्या हाती पडते. कोणत्या शब्दावर आपली कोणती पृष्ठे आहेत याचा तक्ता असता, तर नवे लिहिताना जुने त्याच दिवशी दुरुस्त झाले असते. माझ्या मते एवढे एक कारणही हा तक्ता अनिवार्य करण्यास पुरेसे आहे.

तक्ता कसा करावा

प्रथम शब्द गोळा करावेत. याकरिता सर्वांत उत्तम साधन म्हणजे गावपातळीवरील कार्यकर्त्याची खिशातील वही होय. शेतकऱ्याने प्रश्न जसा विचारला तसाच, त्याच शब्दांत लिहावा. आपण तो शुद्ध करू नये. सोबत पीक, अवस्था, गाव व महिना यांची नोंद करावी. शेतकरी पुष्कळदा रोगाचे नाव न घेता लक्षण सांगतो. ‘ऊस वाळतोय’, ‘कांद्याला पीळ पडलाय’, ‘डाळिंबाचं झाड एका बाजूनं पिवळं पडलंय’, हेही शोधशब्दच आहेत. किंबहुना ज्याला रोगाचे नाव ठाऊक नाही, त्यालाच आपल्या पृष्ठाची गरज अधिक असते.

दुसरे साधन संकेतस्थळाच्या मालकास विनामूल्य मिळणारे ‘गुगल सर्च कन्सोल’ हे होय. कोणत्या शब्दांवर आपले कोणते पृष्ठ किती वेळा दाखविले गेले, किती जणांनी ते उघडले आणि यादीत ते सरासरी कितव्या स्थानी होते, याचा मागील सोळा महिन्यांचा हिशेब त्यात दिसतो. जे पृष्ठ पुष्कळदा दाखविले जाते पण क्वचितच उघडले जाते, त्याचे शीर्षक प्रथम तपासावे. मात्र फार थोड्या लोकांनी विचारलेले शब्द हे साधन गोपनीयतेसाठी दाखवीत नाही. गावोगावचे दुर्मीळ शब्द त्यात सापडणार नाहीत. त्यासाठी वहीच हवी.

गोळा झालेले शब्द वरील नियमाने गटांत लावून प्रत्येक गटाला एक पृष्ठ द्यावे आणि त्यापुढे हंगाम व जबाबदारी लिहावी. नमुन्यादाखल काही ओळी देतो.

१. पृष्ठ: डाळिंबावरील तेल्याची ओळख व बंदोबस्त. मुख्य शब्द: डाळिंब तेल्या. सोबतीचे शब्द: तेलकट डाग, फळ तडकणे, जीवाणूजन्य करपा. हंगाम: पावसाळ्यापूर्वी तयार.

२. पृष्ठ: डाळिंबाची मर. मुख्य शब्द: डाळिंब मर रोग. सोबतीचे शब्द: झाड पिवळे पडणे, फांदी वाळणे. तुरीच्या व हरभऱ्याच्या मर रोगाची पृष्ठे स्वतंत्र. तिन्हींवर एकमेकांचे दुवे.

३. पृष्ठ: शाळूची पेरणी. मुख्य शब्द: शाळू पेरणी. सोबतीचे शब्द: रब्बी ज्वारी, जोंधळा, मालदांडी. हंगाम: ऑगस्टपूर्वी तयार.

४. पृष्ठ: हुमणीचे भुंगेरे गोळा करणे. मुख्य शब्द: हुमणी भुंगेरे. हंगाम: वळवाच्या पावसापूर्वी, म्हणजे मे महिन्याच्या आरंभी. उसातील अळीच्या बंदोबस्ताचे पृष्ठ स्वतंत्र; मुख्य शब्द: ऊस हुमणी.

५. पृष्ठ: ठिबक अनुदानाचा अर्ज. मुख्य शब्द: ठिबक अनुदान. सोबतीचे शब्द: प्रति थेंब अधिक पीक, महाडीबीटी ठिबक.

हंगामाचा रकाना शोभेसाठी नाही. नवे पृष्ठ शोधयंत्राच्या नोंदीत येण्यास काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. आपल्या भागात शाळूची पेरणी सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत आटोपते. पृष्ठ ऑक्टोबरात चढविले तर ते वापसा निघून गेल्यावर रानात नेलेल्या तिफणीसारखे होईल. हुमणीचे भुंगेरे पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब, बाभूळ यांवर जमतात. तेव्हाच गावाने मिळून ते गोळा करावयाचे असतात. ही माहिती ऑगस्टात कोणाच्या उपयोगाची?

शब्द ठरल्यावर तो शीर्षकात व पहिल्या दोन-तीन वाक्यांत सहज यावा. सोबतीचे शब्द उपशीर्षकांत व मजकुरात यावेत. तोच शब्द प्रत्येक ओळीत घुसडू नये. असे करणाऱ्या पृष्ठांना शोधयंत्रे फसवी समजून मागे ढकलतात. पृष्ठाच्या अदृश्य भागात शोधशब्दांची लांबलचक यादी भरण्याची पद्धत काही ठिकाणी अद्याप आहे; गुगल अशा यादीचा क्रम लावण्यासाठी उपयोग करीत नाही, हे त्या संस्थेनेच २००९ साली जाहीर केले आहे. तो वेळ शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट लिहिण्यात घालवावा. आणखी एक गोष्ट. जुनी परिपत्रके छायाचित्ररूपाने किंवा जुन्या फाँटमध्ये चढविलेली असतात. त्यांतील अक्षरे शोधयंत्रास बहुधा नीट वाचता येत नाहीत. ती युनिकोडमध्ये नव्याने टंकित केली पाहिजेत.

काही आक्षेप

माझे काही सहकारी म्हणतात की, शासकीय पृष्ठाच्या शीर्षकात ‘तेल्या’ आणि ‘डाऊनी’ असे शब्द घातल्यास शास्त्रीय परिभाषेस बाध येईल. मला हे पटत नाही. शीर्षकात शेतकऱ्याचा शब्द द्यावा आणि लगेच पुढच्या वाक्यात शास्त्रीय नाव सांगावे. परिभाषा शेतकऱ्याला शिकवावयाची असेल तर तिचा आरंभ त्याला ठाऊक असलेल्या शब्दापासूनच व्हावा लागतो. आपले प्रात्यक्षिकही आपण प्रयोगशाळेत न घेता त्याच्याच रानात घेतो.

दुसरे म्हणतात, शोधयंत्रे आता समानार्थी शब्द स्वतःच ओळखतात, मग हा खटाटोप कशाला? ती ओळखतात हे खरे. परंतु तालुक्यागणिक बदलणाऱ्या बोलीच्या बाबतीत त्यांवर विसंबणे धोक्याचे आहे. शिवाय यादीत आपले पृष्ठ आले तरी ते उघडावे की नाही हे शेवटी माणूसच ठरवितो. आपल्या पिकाचे व आपल्या शब्दाचे नाव दिसले नाही, तर त्याचे बोट पुढच्या ओळीवर जाते.

तिसरा आक्षेप असा की, शेतकरी आता वाचीत नाही, चित्रफिती पाहतो. यात तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. परंतु चित्रफीतही कोणता तरी शब्द विचारूनच शोधली जाते. तिचे शीर्षक ठरविण्यास हाच तक्ता उपयोगी पडेल.

एक मर्यादा मात्र मी स्वतःहून सांगतो. सारेच शब्द आपण मिळविण्याच्या मागे लागू नये. पुष्कळ शेतकरी ‘तेल्या कायमचा उपाय’ असे विचारतात. एका फवारणीत तेल्या कायमचा नाहीसा करणारे औषध नाही. व्यापारी पृष्ठे असे वचन देऊन गिऱ्हाईक ओढतात. आपण त्या प्रश्नाला पृष्ठ अवश्य द्यावे, पण त्याचे पहिलेच वाक्य असे असावे की, असा उपाय नाही. बागेची स्वच्छता, रोगमुक्त रोपे आणि बहाराची योग्य निवड यांनीच रोग आटोक्यात राहतो. जेथे आपणाजवळ खात्रीचे उत्तर नाही, तेथे केवळ लोक विचारतात म्हणून पृष्ठ काढणे म्हणजे उगवणशक्ती न तपासलेले बी वाटणे होय.

कार्यकर्त्यांस विनंती

हे काम मुख्यालयात बसून होणार नाही. संगणक चालविणारा मनुष्य तक्ता नीट आखील, परंतु माळशिरसच्या मक्याला, बार्शीच्या तुरीला आणि करमाळ्याच्या केळीला लोक काय म्हणतात हे त्याला कोण सांगणार? ते गावपातळीवरील कार्यकर्त्यांनीच सांगावयाचे आहे. तरी प्रत्येकाने या महिन्यापासून आपल्या भागातील निदान वीस प्रश्न शेतकऱ्यांच्याच शब्दांत टिपून तालुक्याच्या मासिक बैठकीत आणावेत. बैठकीत ते मोबाइलवर एकेक करून विचारून पाहावेत आणि आपले पृष्ठ येते की दुसऱ्याचे, याची नोंद करावी. ज्या प्रश्नाला आपले पृष्ठ नाही, ज्याला दोन आहेत आणि ज्याला जुने झालेले आहे, अशा तीन याद्या तयार होतील. त्यांवरून पहिला तक्ता सहज बनेल व दर हंगामापूर्वी तो पुन्हा तपासता येईल.

शेतकरी बंधूंनीही मोबाइलवर मिळालेली शिफारस फवारणीपूर्वी आपल्या भागातील कृषी कार्यकर्त्यास दाखवावी आणि आपण कोणते शब्द विचारले होते तेही सांगावे. सांगोल्याच्या त्या बागेतून परतल्यावर मी माझ्या पृष्ठाचे शीर्षक बदलून ‘डाळिंबावरील तेल्या: ओळख व बंदोबस्त’ असे केले. ते आधीच केले असते, तर त्या गृहस्थांचा बहार कदाचित वाचला असता.